हौसेचा रकाना

जयमालाच्या सुपारीला नाक असतं, माझ्या सुपारीला नसतं. आमच्यातलं अंतर म्हणाल तर एवढंच, आणि त्यावर मी सोळा वर्षं जळतेय.

लग्नात मुलीकडचे टेबलावर रुखवत मांडतात ना, ते मी करायची. सुपारीचे नवरा-नवरी, डाळींचं तुळशीवृंदावन, नारळाचा गणपती. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा धनाजी मार्केटात माथाडी आणि घर घणसोलीला. घरातच मी रुखवताचा क्लास चालवायची आणि बायका मला ‘शालनबाई’ म्हणायच्या. त्या ‘बाई’चं मला फार कौतुक होतं, आजही आहे.

जयमाला तळवलीची. तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, “बाई, मना शिकवाल?” मी शिकवलं. सुपारीला जरीचा कागद कसा गुंडाळायचा, डिंक किती लावायचा, सगळं. चौथ्या दिवशी ही घरून कानस घेऊन आली आणि सुपारी घासून तिला नाक काढलं! मी हसले. बाकीच्या बायका हसल्या नाहीत, त्या टेबलाभोवती गोळा झाल्या.

त्यानंतर वर्षभरात तळवलीपासून दिघ्यापर्यंत हळदीत, लग्नात एकच विचारणा सुरू झाली, ‘जयमालाला सांगितलंय का?’ माझा क्लास आधी निम्मा झाला, मग बंद पडला. तिनं माझं काही चोरलं नव्हतं. चोरलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गेल्या वर्षी महापालिकेत शहराचा सांस्कृतिक आराखडा करायचं निघालं. गावोगावच्या कलांची यादी करायची, त्यातून पोट भरणाऱ्यांना नव्या कलाभवनात कमी भाड्यानं गाळे द्यायचे, अशी योजना. गाळे दहाच. गावं हिंडून अर्ज भरून घेणाऱ्या समन्वयक हव्या होत्या, मी कंत्राटावर लागले. समन्वयकांना गाळ्यासाठी अर्ज करता येत नाही हे मला सही केल्यावर कळलं. आमच्या उत्कर्षा मॅडम, म्हणजे योजनेच्या प्रमुख, हसत म्हणाल्या, “शालनताई, तुम्ही आता टेबलाच्या या बाजूला.” मला ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही.

तळवली माझ्याच वाट्याला आली. जयमालाच्या सासरचं घर तीन मजली, खालच्या-वरच्या खोल्यांत भाडेकरू, आणि पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत तिचं काम. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीपाशी एक होडी सुकत होती. काळ्या दोऱ्याचं विणलेलं जाळं, होडीत कोळीण, कोळिणीच्या पाटीत मासे. मासे म्हणजे काकडीच्या बिया, आणि प्रत्येक बीला टाचणीनं डोळा काढलेला. मी वाकून दोष शोधला. पाठ दुखायला लागली तरी सापडला नाही.

“बसा ना बाई,” ती गोणपाट झटकत म्हणाली. “ही खोली पन आता दिवाळीपतुर. गोटीराम भावजींना भारेकरू ठेवायचाय. गाला भेटला तर बरा होईल, नायतर ह्यो पसारा नेऊ कुठं?”

म्हणजे गाळ्यावाचून तिचं काम बंद पडणार होतं. तिनं हे स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं मला ‘मला काय माहीत’ म्हणायची सोय राहू नये.

अर्जातला रकाना क्रमांक चार. मी वाचला, “हे काम आपण व्यवसाय म्हणून करता की हौस म्हणून?”

ती तोंडावर पदर घेऊन हसली. “धंदा कसला वो बाई. हौस हाय.”

आता खरं सांगते. ही मंडळी असंच बोलतात. कुठलीही बाई ‘मी धंदा करते’ म्हणणार नाही, त्या शब्दाचा बाईच्या बाबतीत भलताच अर्थ होतो. शिवाय लग्नकार्यातली वस्तू विकते म्हणणं त्यांना ओशाळं वाटतं. वर्षाला चाळीस लग्नं करणारी बाईही हौसच म्हणते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, बायका लाजून हौस म्हणतील, तिथं थांबू नका, पुन्हा विचारा, ऑर्डर घेता का विचारा. दिघ्याला कागदी फुलं करणाऱ्या बाईला मी तीनदा विचारलं होतं.

जयमालाला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ‘हौस’वर खूण केली आणि कित्त्यासारखं सुंदर अक्षर काढून शेजारी लिहिलंही. मग कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं वाचला, क्षणभर थांबली, आणि सही केली.

महिन्याभरानं यादी लागली. जयमालाच्या नावापुढं ‘अपात्र, छंद स्वरूपाचे काम’. मी ती ओळ चार वेळा वाचली. त्या दिवशी येताना मी घरी जिलेबी घेऊन आले. धनाजीनं विचारलं, “काय विशेष?” मी म्हटलं, “सहज.” खाली बारीक अक्षरात छापलं होतं, हरकती व सूचना सात दिवसांत, सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. जयमालाची हरकत आली नाही. मी रोज फाइल उघडून बघत होते.

मधल्या रविवारी माझ्या मुलीचं, राजनंदिनीचं लग्न होतं. रुखवत मी केलं होतं, दोन महिने डोळे फोडून. रीत म्हणून मैत्रिणींनीही एकेक वस्तू आणली. जयमाला सकाळीच हॉलवर आली, हातात ती होडी. फक्त आता होडीत कोळीण नव्हती, नवरी होती, हुबेहूब माझ्या राजनंदिनीच्या नाकाची. “मुलीसाठी आनलीय,” एवढंच बोलून तिनं ती टेबलावर ठेवली.

ती हात धुवायला गेली तशी मी होडी उचलून स्टीलच्या डब्यांमागं सरकवली. माझं तुळशीवृंदावन पुढं घेतलं. काय सांगू, मुलीच्या लग्नात मी डबे हलवत बसले होते! पण माणसांना डोळे असतात. तासाभरात होडी पुन्हा टेबलाच्या मधोमध आली होती आणि पोरं मोबाइलवर तिचे फोटो काढत होती. वृंदावनाच्या कठड्यावर कुणीतरी सरबताचा ग्लास ठेवला होता.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. शकुबाई. बाई मोठ्या चोखंदळ, सकाळपासून कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. होडीपाशी मात्र थांबल्या. बोटानं जाळं उचलून पाहिलं. “गं बया, डोळं बघा माशांना! ही कुनी केली वो?”

मी म्हटलं, “मीच.”

शब्द तोंडातून गेला आणि मला मागं जयमाला दिसली. पाण्याचा ग्लास हातात घेऊन ती उभी होती, सगळं ऐकलेलं. शकुबाई तिच्याकडं वळून म्हणाल्या, “तुमच्या बाईंचा हात लई भारी.”

“व्हय,” जयमाला म्हणाली. “बाईंचाच हात. मनापन त्यांनीच शिकवला.”

शकुबाई खूश होऊन पुढं गेल्या. मला वाटलं, सुटले. जयमालानं कठड्यावरचा ग्लास उचलला, वृंदावनाला चिकटलेलं सरबत पदरानं पुसलं आणि माझ्याकडं न बघता हळूच विचारलं, “भागली का हौस, बाई?”

मी उगाच स्टीलचे डबे सारखे करू लागले.

“फारम मी वाचला व्हता,” ती म्हणाली. “मना वाटला, तुमाला ठावं असल कुठं काय लिवायचा. बाई हायत ना तुमी.” आणि ती जेवायलाही थांबली नाही. राजनंदिनीच्या कपाळाला हळदकुंकू लावून गेली.

सोमवारी मी सुट्टी घेतली होती, मुलगी सासरी गेलेली, घरात मांडव उतरवल्यासारखी शांतता. चार वाजेपर्यंत मी भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. मला तिचा राग येत होता. आरडाओरडा केला असता, चार बायकांत माझं पितळ उघडं पाडलं असतं, तर मी तिला जन्मभर शिव्या घालायला मोकळी झाले असते. तिनं तीही सोय ठेवली नाही. साडेचारला मी रिक्षा केली.

हरकतीचा कोरा अर्ज मीच कपाटातून काढला. हरकत घेणाऱ्याचे नाव: माझं. हुद्दा: समन्वयक. हरकतीचे कारण लिहायला दहा ओळी दिलेल्या असतात. मी दोनच लिहिल्या. ‘अर्जदार हौस म्हणाल्या. त्याचा अर्थ मला माहीत होता आणि मी मुद्दाम पुन्हा विचारले नाही.’

उत्कर्षा मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढला. “शालनताई, हे रेकॉर्डवर जाईल. तुमचं कंत्राट राहणार नाही. हवं तर मी तोंडी दुरुस्ती करून घेते, हा कागद परत घ्या.”

मोह झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला. मग डोळ्यांसमोर सरबत पुसणारा तिचा पदर आला. मी म्हटलं, “शिक्का मारा मॅडम. पाच वाजतायत.”

जयमालाला गाळा क्रमांक सात मिळाला. पाटी तिनं रंगवली, ‘जयमाला रुखवत’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘ऑर्डर घेतल्या जातील’. कलाभवन आमच्या बसस्टॉपच्या समोरच आहे. घरी बसल्यापासून मला बसनं कुठं जायचं नसतं, तरी संध्याकाळी मी तिथं जाऊन उभी राहते. काचेतून ती दिसते, मान खाली घालून कानस चालवताना. अजून मी दोष शोधते.

काल तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि हातानं बोलावलं. मी रस्ता ओलांडून गेले. तिनं एक सुपारी आणि कानस माझ्यापुढं सरकवली. तीनदा घासूनही नाक वाकडंच आलं.

“पुन्ना,” जयमाला म्हणाली.

मी दुसरी सुपारी उचलली. जीव जळत होता, आणि मी तिला विचारलं, “कानस कशी धरायची, बाई?”