चढाचा वेळ

धाकटीला घरात सगळे ‘गणितबाई’ म्हणत. जिन्याला किती पायऱ्या, दूध किती मिनिटांत उतू जातं, सगळं तिला तोंडपाठ. म्हणूनच त्या सकाळी सातला सायकलवर टांग टाकताना बाबांनी तिलाच विचारलं, "ताईचा दाखला घेऊन घरी येऊ, की तिथेच थांब्यावर बसची वाट बघू?"

ताईची नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. दाखल्याशिवाय तिला दारातसुद्धा कुणी उभं केलं नसतं. तिची जुनी शाळा उताराखाली बारा किलोमीटरवर होती आणि दाखला तयारच होता, पण मुख्याध्यापिका सव्वाआठपर्यंतच भेटत. ताईची बस पावणेदहाला घरासमोरून त्याच रस्त्याने खाली जायची.

"उतरताना ताशी बारा, चढताना सहा, सरासरी नऊ," गणितबाईने बोटांवर मोजलं. "जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. दोन तास चाळीस मिनिटं. नऊ चाळीसला तुम्ही दारात!"

"मग येतोच. पोरीला दारातून निरोप द्यायचाय."

नऊ चाळीस झाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताई पिशवी घेऊन दारात येरझाऱ्या घालत होती.

"बोलाव की तुझ्या सरासरीला!" आई म्हणाली.

तेव्हा धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उताराला एक तास, चढाला दोन! बाबा दुप्पट वेळ चढावर घालवणार, आणि आपण दोन्ही वेग एकाच तराजूत तोलले. "आई, तीन तास! बाबा दहाला येणार!"

ताईने डोळ्यांना पदर लावला. पण धाकटीची बोटं पुन्हा चालू झाली होती. "पावणेदहाला ते पंधरा मिनिटं लांब, म्हणजे दीड किलोमीटर. ते वर येतायत, बस खाली जातेय. वाटेत भेटतीलच. चल ताई, मीपण येते!"

बसमध्ये ती ड्रायव्हरच्या पाठीशीच उभी राहिली. "काका, एक किलोमीटरचा दगड गेला की जरा हळू घ्या. बाबा भेटतील."

"आणि नाही भेटले, तर?"

"भेटतील," ती म्हणाली, पण मुठी घट्ट आवळून.

दगड मागे पडला. रस्ता रिकामाच. मग वळण आलं, आणि वळणाच्या पलीकडे बाबा! पेडलवर उभे राहून, घामाने निथळत, शर्टात पाकीट खोचून.

बस थांबली. बाबांनी खिडकीतून पाकीट दिलं, मग तोच हात ताईच्या डोक्यावर ठेवला. "दारातून नाही, तर खिडकीतून. जा, डगमगू नकोस."

बस गेली. धाकटी रस्त्यावर उतरली होती. ती मान खाली घालून म्हणाली, "माझं चुकलं, बाबा."

"चुकलं तुझंच, आणि निस्तरलंसही तूच." ते सायकल हातात धरून चालू लागले. "आता घरी किती वेळ?"

"सव्वा किलोमीटर आहे. पण तुम्ही दमलाय. ताशी सहा नको, चार धरू."

"तीन धर," बाबा म्हणाले. "गप्पा मारायच्यात."