धडधाकट गाईचं शेण

डॉक्टरीणबाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावून बारीक चाकी फिरवायला घेतली. समोरच्या लोखंडी स्टुलावर म्हातारा टोपी चुरगाळत बसला होता. दोन गाई गेल्या होत्या. तिसरी गोठ्यात आडवी. हगवणीने पार चिपाड झालेली, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबत होती. कुरण मात्र हिरवंगार! म्हाताऱ्याने अगदी हाय खाल्ली होती. त्यात सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलेला, म्हणून त्याने दिलेला शेणाचा डबा आठवडाभर इथल्या फ्रीजमध्येच पडून होता.

"सापडलं," बाई म्हणाल्या. "जंतांची अंडी. खच पडलाय नुसता."

"औषध आहे ना?"

"आहे. आजच पाजू. वाचेलही, आजोबा."

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्या भरात तो बोलून गेला.

"तरी मी म्हणत होतो, एकाच कुरणातल्या गाई. कुणाचंही आणलं तरी कळणारच."

बाईंनी मान वर केली.

"कुणाचंही म्हणजे?"

"त्या आजारी गाईचं नुसतं पाणी हो! डब्यात काय भरणार, कपाळ? आणि तुमच्यासमोर तसलं आणायचं म्हणजे... म्हणून धडधाकट गाईचं आणलं. चांगलं घट्ट होतं."

बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे ही अंडी तिची. आजोबा, एखादी मोठी गाय पोटात जंत घेऊन खुशाल हिंडते, दिसायला ठणठणीत. पण तिच्या शेणातून ते गवतावर चढतात, आणि ते गवत दुसरी जनावरं खातात. सध्या कुठे चरते ती?"

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी एक तरी वाचावी म्हणून, डबा दिला त्याच दिवशी, जावयाच्या गाडीत घालून त्याने तिला लेकीकडे धाडलं होतं.

त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा!" पलीकडून लेक खुशीत म्हणाली. "अहो, किती गुणी गाय आहे तुमची! आमच्या वासरांना तिचा इतका लळा लागलाय, की आम्ही तिला त्यांच्याच कुरणात सोडलंय. तीही रमलीय. आणि ती आजारी गाय कशी आहे?"

"ती..." म्हातारा म्हणाला. "ती वाचेल, बाळा."