नववा चौकोन

पुलाच्या काँक्रीटवर डांबर टाकण्याआधी पाणी अडवणारा थर द्यावा लागतो. नाहीतर पाणी आणि खाडीचं मीठ आत मुरतं, सळ्या गंजून फुगतात. पण ओलसर काँक्रीटवर हा थर धरतच नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी प्लास्टिकचे नऊ चौकोन कडा बंद करून चिकटवायचे आणि सकाळी उचलून बघायचे. खाली घाम दिसला, की काम बंद.

काल सकाळी साइटवरच्या इंजिनीअर पोरीने आठ चौकोन पाहिले आणि पाळणाघरातून फोन आला, बाळाला ताप आहे. नववा न बघताच तिने वहीत ‘नऊही कोरडे’ लिहून सही ठोकली आणि धूम ठोकली.

संध्याकाळपर्यंत बाळाचा ताप उतरला. तिला मात्र आता सकाळची सही आठवली. नववा चौकोन होता पाणी जायच्या जाळीपाशी; ओल असलीच तर तिथेच. आणि तिची सही बघून मुकादमकाकांनी सगळीकडे थर मारूनही टाकला होता. तो चौकोन कुणी उपटून फेकला, खाली काय होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज आल्या आल्या तिने काकांना सगळं सांगून टाकलं.

“आत्ता सांगताय होय ताई? दुपारी डांबराच्या गाड्या येतायत!”

“म्हणूनच सांगतेय. थर ओढून बघू. सुटला तर गाड्या परत. साहेबांना कळवलंय मी.”

“साहेब सोलून काढतील तुम्हाला.”

“काढू देत.”

काकांनी जाळीपाशी थर गोल कापून त्यावर लोखंडी चकती चिकटवली. ती घट्ट बसेपर्यंत दोघं उकिडवी बसून राहिली.

“बाळ कसंय?”

“सकाळी सासूबाईंचा चष्मा मोडला त्याने.”

“मग ठणठणीत आहे!”

ओढायचं यंत्र लावलं. काटा सरकत गेला आणि खट्कन चकती उपटून आली. तिने डोळेच मिटून घेतले.

“अहो, बघा तरी!”

चकतीखाली थर होता, आणि थराला घट्ट धरून काँक्रीटचा टवका. काँक्रीट तुटलं होतं, थर सुटला नव्हता; म्हणजे खाली कोरडंच होतं. आजूबाजूला आणखी दोन ठिकाणी ओढलं, तेच. ती तिथेच फतकल मारून खुळ्यासारखी हसत सुटली.

मग तिने वहीतला नऊ खोडून आठ केला, खाली आजचं सगळं लिहिलं.

“कशाला? सुटलात ना!”

“सुटले, पण नववा बघितला नव्हता तो नव्हताच.”

साहेबांचा फोन आला. आधी चांगलीच खरडपट्टी, मग, “पुन्हा असं झालं तर सही न करता जायचं. पूल काही पळून जात नाही. बाळ बरं आहे ना?”

“हो सर, ठणठणीत आहे,” ती म्हणाली.

“चला ताई, उठा आता,” काका थापी घेऊन आले. “गाड्या यायच्या आत तीन भोकं बुजवायचीत.”