शंभरच्या पुढचं बॉनेट

जावयाने बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळवे टेकवले आणि कणीक मळायला घ्यावी तसा जोर लावला. बॉनेट दबलं नाही, कुरकुरलं नाही, की तसूभर वर आलं नाही. एखाद्या वस्तूने निरपराध दिसायचं ठरवलं, की ती किती निरपराध दिसू शकते!

"उभ्या गाडीचं कसं हलेल?" अप्पा म्हणाले. पाठीमागे हात बांधून, परीक्षेच्या वर्गावर देखरेख करावी तसे ते उभे होते. तीसेक वर्षं गणित शिकवल्यावर माणसाला उभं राहायची दुसरी पद्धत आठवत नाही. "शंभरच्या पुढे न्या, मग बघा. उकळत्या पातेल्यावरचं झाकण असतं ना, तसं. तडतड नाही, नुसती थरथर."

"अप्पा, तेच बघायला निघालोय आपण," मागच्या सीटवरून लेक म्हणाली. "बसा आता."

गाडी अप्पांची. अप्पा एकटे राहत. त्यांना जायला असं काही ठिकाण उरलं नव्हतं आणि म्हणूनच त्यांना गाडी लागे. मनात आलं की ती हमरस्त्यावर काढायची, काचा वर करून जुनी गाणी लावायची आणि कुठेही न उतरता परत यायचं, हा त्यांचा प्रवास. अलीकडे मात्र ते परत येताना एक तक्रार घेऊन येऊ लागले होते. गाडी वेगात असली की बॉनेट थरथरतं.

सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी दोनदा पाहिली होती. पहिल्यांदा तो म्हणाला, हलत नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, हलत नाही, आणि हललं तरी चालतं, सगळ्यांचंच हलतं. अप्पांनी त्याला या विधानातली विसंगती समजावून सांगितली, तेव्हा त्याने गाडी धुऊन दिली.

लेकीला मात्र वेगळीच शंका आली. तिचा भाऊ लांबच्या देशात होता आणि लांब असल्यामुळे त्याची मतं ठाम होती. अप्पांना नसलेलं दिसू लागलंय, गाडी विका, त्यांना तुझ्याकडे ने. जावई चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. त्यामुळे निवाडा आपोआपच त्याच्याकडे आला. सकाळी अप्पांच्याच स्वयंपाकघरात हे सगळं पुन्हा एकदा ठरलं. अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून लेकीने मिक्सर लावला होता. मिक्सर थांबला, तिचं वाक्य थांबलं नाही.

"...आणि तरीही हलतंय म्हणाले, तर गाडी विकायची म्हणजे विकायची!"

दारात अप्पा रिकामा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "साखर जरा कमी होती, छकुले," आणि कप ठेवून गेले. छकुलीची पन्नाशी जवळ आली होती आणि तिचे गुडघे दुखत.

हमरस्ता मोकळा होता. ऐंशीला बॉनेट शांत होतं, नव्वदलाही शांत. जावयाला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याबद्दल थोडी लाजही वाटली. त्याने पाय आणखी दाबला.

बॉनेटवर उन्हाची एक पट्टी पडली होती. शंभर ओलांडल्याबरोबर तिला कंप सुटला. मग पट्टीखालचा पत्रा हलू लागला, डावीकडे जरा जास्तच. उकळत्या पातेल्यावरचं झाकण. तडतड नाही, नुसती थरथर. उपमेत गणिताच्या मास्तरांनी एका शब्दाचीही चूक केली नव्हती.

जावयाने पापण्या मिचकावल्या. पत्रा हलतच होता.

"अप्पा," तो हलकेच म्हणाला, "दिसतंय ना?"

"काय?"

"बॉनेट."

अप्पांनी समोर पाहिलं. मग मान वळवून जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. दुकानात पुष्कळ गिऱ्हाइकं असंच करतात. हे स्पष्ट की ते, असं विचारलं की फळ्यावरची अक्षरं सोडून तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

"छे," अप्पा म्हणाले. "आज अगदी गप्प आहे."

जावई गोंधळला. अप्पांना खरंच दिसत नसेल, तर त्यांच्या हातात गाडी देणं शहाणपणाचं नव्हतं. दिसत असून ते नाही म्हणत असतील, तर डोकं इतकं शाबूत होतं की काळजीचं कारणच नव्हतं. पण मग हलतंय म्हणावं, तर आज अप्पा आंधळे ठरतात. नाही म्हणावं, तर इतके दिवस ते भ्रमिष्ट होते असं होतं. कुठूनही निघालं तरी गाडी विकायच्या दारातच जाऊन उभी राहत होती.

"काय हो?" मागून लेकीने विचारलं. "हलतंय का?"

"मला... हलल्यासारखं दिसतंय."

"तुम्हाला?"

"हो."

"आणि अप्पांना?"

"अप्पांना नाही."

लेकीने सगळ्या शक्यतांची तयारी केली होती. ही तेवढी राहून गेली होती.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली. "मी पुढे बसते."

जागा बदलल्या. अप्पा मागे जाऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. लेकीने पदर खोचला, चष्मा पुसला, पट्टा लावला. जावयाने पुन्हा वेग घेतला. नव्वद. शंभर. उन्हाची पट्टी थरथरली आणि बॉनेटचा डावा कोपरा बसल्या जागी उठू पाहणाऱ्या माणसासारखा खालीवर होऊ लागला. लेकीच्या ते थेट समोर होतं.

तिचा हात आपसूक वर गेला. दरवाज्यावरच्या कडीला तिने अशी घट्ट मूठ घातली, की बोटांची पेरं पांढरी पडली. मग तिने आरशात पाहिलं. आरशात अप्पा होते, निकालाची वाट बघत बसलेल्या पोरासारखे, खिडकीबाहेर नजर लावून.

"कुठे काय?" ती म्हणाली. "चांगलं ठणठणीत आहे."

"अगं, ते बघ ना! डावीकडे—"

"अहो, पुढे बघा."

"पुढेच बघतोय मी!"

"मग इतकं बघू नका."

जावयाने पाय उचलला. पत्रा शांत झाला. इतका शांत, की क्षणभर त्याला स्वतःचीच खात्री वाटेना. गाडीत तीन माणसं होती आणि मतदान दोन विरुद्ध एक झालं होतं.

"जावईबापू," मागून अप्पांचा मऊ आवाज आला, "दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे म्हणजे ताण येतो हो. यायचाच. मी घेऊ का गाडी?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. महिनाभर जिने बापाच्या हातून स्टेअरिंग काढून घ्यायचा ध्यास घेतला होता, ती गाडी बाजूला घ्यायला खुणावत म्हणाली, "घ्या अप्पा. ह्यांना जरा पडू दे मागे."

मागच्या सीटवरून जावयाला दोन डोकी तेवढी दिसत होती. अप्पांनी गाडी घरापर्यंत आणली. काटा ऐंशीला टेकला की ते पाय सैल करत होते. मधेच त्यांनी गाणं लावलं. लेकीने आवाज थोडा वाढवला.

इमारतीखाली लेक पिशवी घेऊन पुढे झाली. अप्पांनी गाडीला कुलूप लावलं आणि जी किल्ली महिनाभर ते उशाखाली घेऊन झोपत होते, ती जावयाच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली.

"दोन दिवस राहू द्या तुमच्याकडे. दुसरा कुणी मेकॅनिक बघा आणि बॉनेटची कडी आवळून घ्या. रबरही गेलंय डावीकडचं. छकुलीला बोलू नका, ती उगाच घाबरते."

"अप्पा, म्हणजे तुम्हाला—"

पण अप्पा कठडा धरून वर निघालेही होते.

पहिल्या वळणावर बायको थांबली होती. अप्पा आत गेल्याची खात्री करून ती खालच्या आवाजात म्हणाली, "उद्या गाडी नीट दाखवून आणा. डावी बाजू. आणि अप्पांना कळू देऊ नका, मनाला लावून घेतील."

"तू तर म्हणालीस हलत नाही."

"नाहीच हलत," ती म्हणाली. "दाखवून आणा."

जावई किल्ली मुठीत धरून पायरीवर उभा राहिला. काहीतरी विचारायला हवं होतं, पण कुणाला आणि नेमकं काय, ते त्याला जुळवता येईना. वर दार अर्धवट उघडं होतं. बायकोने भावाला फोन लावलेला ऐकू आला.

"नाही रे, अप्पा एकदम उत्तम. गाडीबिडी काही विकायची नाही." मग ती थोडी घुटमळली. "ह्यांचंच जरा बघायला हवं."