पंढरीशेठचं नाक

"चासी नंबर सांगा, काका."

"मला तेल पाहिजे गाडीचं. गाडी नकोय."

"नंबरशिवाय सिस्टीम तेल दाखवत नाही."

पंढरी भोईरने खिशातून तंबाखूच्या पुडीचा कागद काढला, त्यावर उतरवलेला नंबर काउंटरवरच्या मुलीकडे सरकवला आणि उगाच छताकडे पाहिलं. घोडबंदर रोडवरच्या या काचेच्या दुकानातली फरशी इतकी चकचकीत होती, की चपला हातात घेऊन उभं राहावं असं त्याला वाटत होतं. चाळीस वर्षं मेकॅनिकी केल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदाच 'कुठलं तेल' असं विचारायला कुणाकडे आला होता.

मुलगी पडद्यावर बघत म्हणाली, "दोन हजार तेराची हायब्रिड. यात नेहमीचं ऑटोमॅटिकचं तेल घालायचं नाही हं. गिअरबॉक्सच्या आत दोन इलेक्ट्रिक मोटरी आहेत, त्या तेलातच बुडालेल्या असतात. हे स्पेशल पातळ तेल आहे, करंट धरत नाही."

"दिसायला कसं असतं?"

"लाल."

"आणि ते नेहमीचं?"

"तेपण लालच."

"मग माणसाने ओळखायचं कसं?"

मुलीने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "डब्यावर लिहिलेलं असतं ना, काका."

तिने त्याच कागदाच्या मागे तेलाचा नंबर लिहून दिला. पंढरीने चार डबे घेतले, ते स्कूटरच्या पायाजवळ रचले आणि ट्रॅफिकमध्ये जाऊन उभा राहिला. घोडबंदर रोडवर माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. एवढी एकच सोय त्या रस्त्याने केलेली आहे.

डबा वाचणं हे पंढरीच्या लेखी कमी दर्जाचं काम होतं. "डबा काय, कुणीपण छापतो," असं तो म्हणायचा. ठाकुर्लीतल्या त्याच्या गॅरेजात रीत वेगळी होती. तो तेलाचा एक थेंब चिमटीत घ्यायचा, अंगठ्यावर बोट तीनदा फिरवायचा, मग डोळे मिटून बोटं नाकाशी न्यायचा. गिऱ्हाईक तोवर रिपोर्टची वाट बघणाऱ्या पेशंटसारखं उभं असायचं. पंढरी डोळे उघडून सांगायचा: पाणी शिरलंय, क्लच जळतोय, भेसळ आहे, कुठे भरलंस? लोक दिवा स्टेशनाहून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तेल घेऊन त्याला हुंगवायला यायचे. हुंगून झालं की बाटली परत मागायचे, हा भाग वेगळा.

मग कोरोना आला. पंढरीला चार दिवस ताप आला आणि वास गेला. इतरांचा महिन्याभराने परत आला. याचा काही आला नाही. बहुधा रस्ता चुकला असावा. वर्ष गेलं, दुसरं गेलं, आता पाचवं चालू होतं. पंढरी कुणाला काही बोलला नाही. चिमूट, अंगठा, मिटलेले डोळे, सगळं तसंच चालू ठेवलं. तेलाचा रंग, त्याचा चिकटपणा, मीटरवरचे किलोमीटर आणि गिऱ्हाइकाचा चेहरा, एवढ्यावर दहातली नऊ निदानं बरोबर यायची. डॉक्टर लोकांचंही याहून फारसं वेगळं नसावं.

उत्तम गायकवाडांची हायब्रिड दहावी निघाली.

गायकवाड कल्याणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या. शाळेत त्यांना कुणी सर म्हटलं नाही, पंढरी म्हणायचा. निवृत्तीनंतर त्यांनी एका डॉक्टरची जुनी जपानी गाडी घेतली. घराण्यातली पहिली चारचाकी. रविवारी तिचे कोपरे ते परीक्षानळीच्या ब्रशने घासायचे. चार महिन्यांपूर्वी ते गिअरबॉक्सचं तेल बदलायला आले, तेव्हा पंढरीने जुन्या तेलाचा थेंब चिमटीत घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "साधं लालच आहे, सर." नाक शाबूत असतं तर तो वास परका लागला असता आणि हात आखडला असता. वास आला नाही. मग रॅकवरचं नेहमीचं लाल तेल त्याने स्वतःच्या हाताने भरलं.

परवा गाडी पत्री पुलावर बंद पडली. टो करून गॅरेजात आणली. पंढरीने मयूरला बोलावलं. मयूर म्हणजे बॅगेत स्कॅनर घेऊन फिरणारा कल्याणचा तरुण. त्याने मशीन लावून सांगितलं, "गिअरबॉक्समधून करंट लीक होतोय. तेल कोणतं घातलंय यात?"

गायकवाड लगेच म्हणाले होते, "तेल पंढरीशेठनी हुंगून घातलंय. तेल सोडून काय ते बोला."

पंढरी तिथेच उभा होता आणि त्याने तोंड उघडलं नव्हतं. दोन रात्री ते वाक्य त्याच्या उशाशी बसून होतं. आज सांगायचं, असं ठरवून तो निघाला होता. रस्ता मोकळा मिळाला असता तर कदाचित त्याचा बेत बदललाही असता.

गॅरेजात पोचला तेव्हा गायकवाड स्टुलावर बसून शकूने दिलेला चहा पीत होते. शकू, म्हणजे पंढरीची बायको, गॅरेजामागच्या घराच्या दारात उभी होती.

"या, शेठ. कुठे गेलेलात?"

"तेल आणायला."

"तेल? तुमच्या रॅकवर कमी होतं काय?"

पंढरीने डबे एकेक करून बाकावर मांडले. मग शेवटचा डबा विनाकारण पुसला. "सर, मी मागच्या टायमाला चुकीचं तेल घातलं. त्याच्यानेच गाडी गेली."

गायकवाडांनी चहाचा घोट शांतपणे गिळला. "तुम्ही नाही चुकणार."

"मी सांगतो ना, चुकलो."

"तो मयूर बोलला म्हणून मनाला लावून घेताय. पोराला नाक पुसता येत नाही अजून. मी सांगू? पुलावर खड्डा होता, त्यात खालून दणका बसला."

"खड्ड्याने करंट गळत नाही, सर."

"मग दमट हवा. आमच्या लॅबमध्ये पावसाळ्यात सगळी मीटरं चुकीची दाखवायची."

पंढरीला आता थकवा आला. गुन्हा कबूल करणं अवघड असतं हे त्याला ठाऊक होतं. तो समोरच्याच्या गळी उतरवणं एवढं जड जाईल याचा अंदाज नव्हता. "सर, मला वास येत नाही," तो म्हणाला. "कोरोनात गेला. तेव्हापासून मी नुसती बोटं नाकाला लावतो."

गायकवाड हसले. "काय मस्करी करता."

दारातून शकू म्हणाली, "मस्करी नाय, भाऊ. खरा बोलतंय तो."

पंढरीने वळून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगाला कनाला पायजे? गेल्या साली दूध करपून घरभर धूर झाला. शेजारची धावत आली. तू पेपर वाचीत बसलेला. पाच वरसं बघतंय मी. मना वाटला, सांगशील कवातरी." एवढं बोलून ती कप घेऊन आत गेली. भांडं आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही, आणि पंढरीला तेच जास्त लागलं.

गायकवाडांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग विझलं. "पाच वर्षं?"

"हो."

"माझ्या गाडीचं हुंगलंत, तेव्हापण?"

"तेव्हापण."

 मग पंढरी गाडीखाली गेला, खालचा बोल्ट सैल केला आणि तेल पसरट डब्यात उतरवलं. लाल भरलेलं तेल चार महिन्यांत काळं होऊन बाहेर पडलं.

तो डबा घेऊन बाहेर आला. "सर, आता एक काम तुम्ही करायचं. नुसतं तेल करपलं असेल तर वडे तळलेल्या जुन्या तेलासारखा वास येतो. मग आत धुऊन हे बरोबरचं तेल भरलं की गाडी उठेल कदाचित. पण मोटरीच्या तारांवरचं वार्निश जळलं असेल तर वास तिखट येतो, घशात बसतो. मी पोरवयात पाच वर्षं पंपाच्या मोटरी भरायचो, जळक्या तारा काढून नव्या गुंडाळायचो, तो वास मी झोपेत ओळखला असता. आता तुम्ही सांगायचं."

गायकवाड उठले. त्यांनी डबा स्टुलावर ठेवला, चेहरा हातभर लांब राखला आणि प्रयोगशाळेतल्या शिस्तीने तळहाताने हवा आपल्याकडे ओढली. एकदा. मग दुसऱ्यांदा. पंढरी त्यांच्या तोंडाकडे बघत होता, वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

गायकवाडांनी मान वळवून एकदा खोकून घेतलं. "वडे," ते म्हणाले. "वड्यांच्या तेलासारखाच आहे. काही विशेष नाही, शेठ. तुमच्याने काही झालेलं नाही."

"सर."

"अगदी वडेच."

"वड्यांनी डोळ्यांत पाणी येत नाही, सर."

गायकवाडांनी चष्मा काढला आणि तो पुसायचा की डोळे, याचा निर्णय न झाल्यामुळे नुसता हातात धरून उभे राहिले. "गेली का हो?"

"गेली. आतली मोटर जळाली. असा गिअरबॉक्स जुन्यात शोधला तर सापडेल एखादा. मी शोधतो. पण तो गाडीत मयूर बसवील, मी नाही. आणि तुम्ही आता कोणाला सांगू नका, पंढरी हुंगून सांगतो म्हणून."

गायकवाड 'असू दे' म्हणाले असते तर पंढरीला ऐकवलं नसतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा घातला आणि बाकावरचा एक डबा उचलला.

"हे मग परत करणार?"

"नाही. भरणार."

"मेलेल्या गाडीत?"

"माझ्याकडून रिकामी जाणार नाही ती. चुकीचं काढलं तर बरोबरचं घालून देतो."

पंढरी फाटक्या सतरंजीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. खालचा बोल्ट घट्ट केला, कडेचा भरायचा बोल्ट काढला, नळी लावली. "सर, डबा फोडायच्या आधी जरा वाचा," तो खालून म्हणाला. "काय लिहिलंय ते सगळं."

गायकवाडांनी डबा दूर धरला आणि वर्गात प्रयोगाची कृती सांगावी तसं मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत वाचलं: नंबर, वजन, लहान मुलांपासून दूर ठेवावे. पंढरीने मध्ये एक आकडा पुन्हा वाचायला लावला, तो तंबाखूच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मग म्हणाला, "ओता."

पहिला डबा गेला. दुसरा, तिसरा. चौथ्यातलं थोडं उरलं असताना तेल भोकाच्या काठाशी आलं आणि एक बारीक लाल धार पंढरीच्या मनगटावरून कोपराकडे निघाली. गिअरबॉक्स भरला की तो असाच बाहेर वाहतो. पंढरीने ओतणं थांबवायला सांगितलं. धार तुटून थेंब होईपर्यंत तो हात तसाच धरून पडून राहिला. मग बोल्ट बोटाने फिरवत बसवला, पाना लावला आणि नव्या गाडीचा आवळतात तेवढाच आवळला.