मामांच्या बरणीतले हिरवे खडे

फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल गच्च भरला होता आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक बरणी होती. कुणाची जॅमची, कुणाची कॉफीची. प्रत्येक बरणीत थोडं पाणी आणि त्यावर तरंगणारे हिरवे, गुळगुळीत खडे. लोक एकमेकांच्या बरण्या उजेडात धरून बघत होते, ‘तुमचे बरेच मोठे आहेत हो’ असं कौतुक करत होते, आणि ज्यांचे लहान निघाले होते ते बिचारे बरणीवर रुमाल टाकून बसले होते. पोटातून निघालेल्या वस्तूचं एवढं जाहीर प्रदर्शन मी डॉक्टर असूनही कधी पाहिलं नव्हतं.

हे सगळं कर्तृत्व खडेबाबांचं. पित्ताशयातले खडे ते ऑपरेशनशिवाय, एका रात्रीत बाहेर काढतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी दिलेली बाटली रात्री प्यायची, सकाळी जुलाब होतात आणि त्यातून खडे पडतात. ते गाळणीत गोळा करायचे, धुवायचे, बरणीत भरायचे आणि शिबिराला घेऊन यायचं.

मी मजा बघायला आले नव्हते. शेजारी माझी ताई बसली होती आणि तीच बाटली तिच्या पर्समध्ये होती. ताईची लाँड्री आहे. मध्यंतरी चादरींचा गठ्ठा उचलताना तिच्या उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की ती इस्त्रीच्या टेबलाला धरून खालीच बसली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, त्यातला एक अगदी तोंडाशी. माझ्याच हॉस्पिटलमधल्या सर्जननी ऑपरेशनची तारीख दिली. ताईने मला न सांगता ती रद्द केली.

आज रात्री ती बाटली पिणार होती. त्यात मुख्यतः तेल असतं, हे मी एव्हाना शोधून काढलं होतं. एवढं तेल एकदम पोटात गेलं, की पित्ताशय जोरात आकसतं. तोंडाशी बसलेला तो खडा पुढे सरकून नळीत अडकला, तर कावीळ, ताप, स्वादुपिंडाला सूज, आणि मग सगळी धावाधाव. हे मी ताईला चित्र काढून समजावलं होतं. तुम्हा डॉक्टरांना कापाकापीशिवाय दुसरं सुचतंच कुठे, असं म्हणून तिने त्या कागदात इस्त्री करताना निघालेली बटणं गुंडाळली. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली, की मी आधी शिबिर बघायचं आणि मग बोलायचं. आपल्याला अगदी खात्रीच्या माणसाने सांगितलंय, असंही ती वर म्हणाली. कोण ते काही सांगेना.

खडेबाबा आले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, पण तो कानाला लावलेला मी शेवटपर्यंत पाहिला नाही. टेबलावर त्यांच्यासाठी वाफाळतं पाणी ठेवलं होतं. त्याचा एक घोट घेऊन त्यांनी सुरुवात केली.

“डॉक्टर तुम्हाला काय करतो? प्रश्न विचारतो. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, आधी काय झालं होतं. अरे, मग तुला काय कळतं? सगळं पेशंटनेच सांगायचं असेल तर तू कशाला? मी एक अक्षर विचारत नाही. रोगी बोलायला लागला, की रोग लपतो. माझं बोट थेट अवयवाशी बोलतं.”

हॉलने टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यभर पेशंटना प्रश्न विचारत आले, त्यामुळे माझं तोंड आपोआप वाकडं झालं. ताईने मला कोपराने ढोसलं.

मग बाबांनी आपल्या ‘केसेस’ सांगितल्या. एक बाई, सगळ्या डॉक्टरांनी हात टेकलेले. बाटली घेतली, दुसऱ्या दिवशी जिना धावत चढली. एक गृहस्थ, डॉक्टर म्हणाले पोट उघडावं लागेल. बाटली घेतली आणि डॉक्टरच बाबांकडे बाटली मागायला आले. कुठल्याच केसमध्ये आधी तपासणी काय होती आणि नंतर काय निघाली, याचा पत्ता नव्हता. पुरावा म्हणून बरण्या होत्या, आणि त्या तर सगळ्यांच्याच मांडीवर होत्या.

“आणि आता,” बाबा म्हणाले, “आजवरच्या सगळ्यात भरलेल्या बरणीचे मानकरी. या काका, असे पुढे या.”

पहिल्या रांगेतून नवाकोरा शर्ट घातलेले, भांग चापून बसवलेले एक गृहस्थ उठले आणि करंडक धरावा तशी बरणी डोक्यावर धरून व्यासपीठावर चढले. ते माझे सख्खे मामा होते.

“बघितलंस?” ताई माझ्या कानाशी म्हणाली. “घरातला माणूस आहे. आता तरी विश्वास बसला ना?”

मला हसू आवरत नव्हतं. आमचे मामा शिंपी. दुकान आता मुलगा बघतो आणि मामा जिथे खुर्ची आणि ऐकणारा माणूस मिळेल तिथे जाऊन बसतात. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना म्हणजे त्यांचं ऑपरेशन. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ते ही गोष्ट सांगतात. आम्ही भाचरंडांनी ती इतक्यांदा ऐकली आहे, की मामा सांगत असतात आणि आम्ही जेवत असतो. गोष्ट कशाच्या ऑपरेशनची, याकडे आता कुणाचंच लक्ष नसतं. माझ्या एकटीचं होतं, कारण त्या दिवशी त्यांच्या उशाशी मी होते.

बाबा माइकवर सांगत होते, की या काकांच्या पोटावर बोट ठेवताक्षणी आपल्याला पित्ताशय खड्यांनी काठोकाठ भरलेलं जाणवलं. मी उभी राहिले.

“बाबा, एक विनंती आहे. हे माझे मामा. यांचं मागे एक ऑपरेशन झालं होतं. ती गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगावी, अशी माझी फार इच्छा आहे.”

मामांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत ती गोष्ट कुणी आपणहून मागितली नव्हती. बाबाही खूश झाले. “सांगा, सांगा,” असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने माइक पुढे केला. “डॉक्टरांनी काय हाल केले, ते कळू दे सगळ्यांना.”

मामांनी घसा साफ केला. “तर काय झालं, माझ्या इथे दुखायचं,” त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. “मला वाटलं गॅस. एक दिवस कापड बेततानाच कोसळलो. कात्री हातात तशीच. हॉस्पिटलात नेलं. ही आमची भाची तेव्हा नवीन डॉक्टरीण होती. चार भोकं पाडली बघा, बटणाच्या काजाएवढी.” मामांनी शर्ट वर करून व्रण दाखवले. “आणि शुद्धीवर आलो, तर सर्जनसाहेब बाटली घेऊन उभे. आत एक हिरवट पिशवी, छोट्या वांग्यासारखी. म्हणाले, मामा, हे बघा तुमचं पित्ताशय. खड्यांसकट अख्खं काढून टाकलं. आता तुम्हाला पित्ताशयच नाही, तर खडे...”

मामा थांबले. हातातल्या बरणीकडे त्यांनी बघितलं. मग आपल्या पोटाकडे. मग परत बरणीकडे.

“मग हे कुठून आले?” त्यांनी विचारलं, आणि माइक तोंडाशीच असल्याने ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आधी एक आजी हसल्या, मग त्यांच्या शेजारचे, आणि मग सगळा हॉल. बाबांनी हात वर केला. काढलेलं पित्ताशय काही जणांना सूक्ष्म रूपात पुन्हा येतं, असं ते म्हणाले. मामांना हे पटायला लागलं होतं. नखं येतात, केस येतात, तसंच असेल, असं ते हळूच म्हणाले. हॉलमध्येही कुणी तरी मान हलवली. लोकांना आपापल्या बरण्या टाकवत नव्हत्या, हे मला समजत होतं.

मी व्यासपीठावर गेले. पर्समधून हातमोजे काढले, बाबांचं वाफाळतं पाणी एका रिकाम्या ग्लासात ओतलं आणि मामांच्या परवानगीने त्यांचा सगळ्यात मोठा खडा त्यात सोडला. पुढच्या रांगेतले लोक उठून जवळ आले. खड्याच्या कडा मऊ झाल्या, मग तो पसरला, आणि थोड्याच वेळात पाण्यावर हिरवट तेलाचा थर तेवढा उरला.

“बाटलीत तेल आहे, लिंबाचा रस आहे आणि जुलाबाचं मीठ आहे,” मी म्हणाले. “तेल आतड्यात गेलं, की तिथल्या पाचक रसांनी फुटतं आणि त्याचा साबणासारखा लगदा होतो. पित्ताने तो हिरवा होतो, त्याचे गोळे वळतात, आणि मीठ सगळं धुऊन बाहेर काढतं. तुम्ही रात्री जे प्यायलात, तेच सकाळी गोळा केलंत. पित्ताशय असो वा नसो, ज्याच्या पोटात हे तेल जाईल त्याला हे खडे होणार. म्हणूनच बाबा काही विचारत नाहीत. मामांना एकच प्रश्न विचारला असता, तर आज हा घोटाळा झाला नसता.”

तेवढ्यात ताई वर आली. माझ्या हातातून तिने दुसरा मोजा घेतला, एक खडा दोन बोटांत चिरडला आणि अंगठ्याने पसरवून बघितला. कापडावरचा डाग बघते, तशी बघत होती.

“हे मी रोज मोरीच्या जाळीवरून खरवडते,” ती म्हणाली. “तेलकट कपडे धुतले, की असेच गोळे साचतात.”

लोक प्रश्नांवर प्रश्न विचारू लागले. बाबांना अचानक महत्त्वाचा फोन आला. ते बोलत बोलत जिना उतरले, खालच्या सोफ्यांमधून वाट काढत बाहेर पडले आणि पुन्हा दिसले नाहीत. कोट मात्र एका कपाटाच्या मुठीत अडकून राहिला. काही लोक माझ्यावरच चिडून बरण्या घेऊन निघून गेले. बरेच जण थांबले आणि आपले जुने रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलात कधी यायचं, ते विचारून गेले.

खाली प्लास्टिकच्या आवरणातल्या एका सोफ्यावर ताई बसली होती. तिने पर्समधली बाटली काढून माझ्या हातात दिली, पण चेहरा उतरलेला होता. बाटली तर सुटली, आता ऑपरेशन समोर दिसत होतं. मी तिला विचारलं, की तुला नेमकी कसली भीती वाटते.

ती सोफ्याचं प्लास्टिक नखाने ओढू लागली. “कापण्याची नाही गं,” ती म्हणाली. “बेशुद्ध करतात ना. आणि मी उठलेच नाही तर?”

माझ्या त्या चित्रात पित्ताशय होतं, नळी होती, खडा होता. ही भीती कुठेच नव्हती. मी तिला सांगितलं, की भूल देणारी डॉक्टर ऑपरेशन संपेपर्यंत उशाशीच असते, श्वास आणि नाडी बघत राहते, आणि तिचं कामच मुळी माणसाला परत उठवण्याचं असतं. धोका अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही, पण त्या बाटलीपेक्षा खूपच कमी. आणि तू डोळे उघडशील तेव्हा समोर मी असेन.

ताईने डोळे उघडले तेव्हा समोर मी होते. मामाही होते. “आहे ना मी?” असं तिने विचारलं, आणि आहे म्हटल्यावर आपल्या पित्ताशयातून निघालेले खडे मागितले. सर्जननी ते एका छोट्या बाटलीत घालून दिले. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे पाणी उकळून ते खडे त्यात टाकले. पाणी थंड झालं तरी ते तसेच तळाशी बसून होते. परत छोट्या बाटलीत भरून हलवले की खुळखुळ वाजायचे. मामांची बरणी खिडकीतल्या उन्हात राहिली होती. तिच्यात नुसतं हिरवं तेल उरलं होतं.

माझं सांगणं साधं आहे. कुणी तुमच्या शरीरातून काही काढून दाखवलं, तर ते कुठून आलं, हे विचारा. आधी आत होतं का, नंतर गेलं का, हे तपासून मागा. ज्याला तुमचे प्रश्न चालत नाहीत आणि तुम्हाला विचारायचे प्रश्न ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या बाटलीचं बूच उघडू नका. आणि भीती वाटत असेल, तर ती डॉक्टरला सांगा. तीही लक्षणासारखीच सांगायची गोष्ट आहे.

मामा अजूनही ऑपरेशनची गोष्ट सांगतात. आता तिला नवा शेवट आला आहे, आणि तो सांगताना ते स्वतःच सगळ्यात आधी हसतात. आम्ही ताटावरचा हात थांबवून ती शेवटपर्यंत ऐकतो.