कोउ सरांचा खुला तास

"उजवा हात कुणी वर करायचा?"

"ज्याला येतं त्यानं!"

"आणि डावा?"

"ज्याला येत नाही त्यानं!"

"आणि हात खाली कुणी ठेवायचा?"

"कुणीच नाही!" बावन्न पोरं एका सुरात ओरडली आणि खिदळायला लागली.

कोउ सर काही हसले नाहीत. ते शेवटच्या बाकामागे उभे होते. दुसऱ्या दिवशी तिथे परीक्षक बसणार होते, त्यांना तिथून वर्ग कसा दिसेल ते सरांना बघायचं होतं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "निंग बाई, हे बरं दिसतं का हो?"

"बरं? झकास दिसतं! सगळा वर्ग हात वर करणार, तुम्ही फक्त उजवा हात बघून नाव घ्यायचं. मी तेच केलं, झाले की नाही वरिष्ठ शिक्षिका?"

ही अक्कल माझी होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको.

कोउ शूपिंग आमच्या तालुक्याच्या शाळेत एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. मी स्वतः त्यांच्याच हाताखाली इंग्रजी शिकले. मुलांसमोर ते मला 'निंग बाई' म्हणत, शिक्षकांच्या खोलीत आलं की 'अगं छ्युन'. आणि गंमत बघा, मी सहा वर्षांपूर्वी वरिष्ठ झाले आणि माझे सर अजून प्रथम श्रेणीतच, म्हणजे माझ्याहून एक पायरी खाली. चार वेळा वरिष्ठ श्रेणीसाठी त्यांचं नाव गेलं, चार वेळा परत आलं. आता निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी. ते कधी बोलून दाखवत नसत. पण शाळेच्या फलकावर शिक्षकांची नावं श्रेणीप्रमाणे लावलेली आहेत आणि माझं नाव त्यांच्या वर आहे. जिन्यातून जाताना ते त्या फलकाकडे बघत नसत, ते मला दिसायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

खुल्या तासाचा, म्हणजे बढतीसाठी परीक्षकांसमोर घ्यायच्या तासाचा, विषयही त्यांनी आपला आवडताच घेतला होता: गरज आणि अटळपणा सांगणारे पाच इंग्रजी शब्द. नेसेसरी, इसेन्शियल, इंडिस्पेन्सेबल, अनअव्हॉइडेबल, इनेव्हिटेबल. आमच्या चिनी भाषेत यातल्या बहुतेकांच्या सुरुवातीला एकच अक्षर येऊन बसतं, त्यामुळे पोरांना ती सगळी एकाच आईची लेकरं वाटतात. परीक्षेत कुठलाही शब्द कुठेही ठोकून देतात. सर म्हणायचे, "अरे, शेवयांना पीठ लागतं ते इसेन्शियल. पिठाशिवाय शेवई ही शेवईच नाही. आपल्या गावात मिरचीचं तेल इंडिस्पेन्सेबल, त्याशिवाय तुमचा घास उतरत नाही. आणि घटक चाचणी इनेव्हिटेबल. रडा, पडा, ती येणारच."

पोरं हसायची. कळायचं किती, ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच परीक्षक येऊन मागच्या बाकांवर बसले. त्यांच्या शेजारी आमचे उपमुख्याध्यापक शांग, आणि कोपऱ्यात मी. सरांनी नवा कोट घातला होता, बाह्या जरा लांबच होत्या. पहिली वीस मिनिटं दृष्ट लागावी अशी गेली. मग त्यांनी प्रश्न टाकला, "इंडिस्पेन्सेबल आणि इनेव्हिटेबल यांत फरक काय? स्वतःचं उदाहरण देऊन कोण सांगेल?"

बावन्न हात वर गेले. एका परीक्षकबाईंनी कौतुकानं मान हलवली.

आणि तेवढ्यात मला घोळ दिसला. तालीम झाली तेव्हा सर प्रत्येक वेळी वर्गाच्या मागे उभे होते. आज ते समोर होते. मुलांचा उजवा हात आता त्यांच्या डाव्या बाजूला आला होता. सर हातांकडे बघताहेत, स्वतःच्या हाताकडे बघताहेत, पुन्हा मुलांकडे. हे इतकं साधं माझ्या लक्षात कसं आलं नाही?

"जू छ्याओलान," सर म्हणाले.

तिसऱ्या बाकावरची किरकोळ पोरगी उभी राहिली. आठवडाभर वसतिगृहात, सुट्टीला आजीजवळ राहणारी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती सरांकडे बघत राहिली. सर तिच्याकडे. मी मनात म्हणतेय, बाई गं, काहीतरी बोल, 'शेजारणीला विचारा' तरी म्हण.

"सर," ती भाबडेपणानं चिनीतच म्हणाली, "मी डावा हात वर केला होता."

एका परीक्षकांनी चष्मा काढला. "डावा म्हणजे?" त्यांनी शांग साहेबांना विचारलं. शांग साहेब छताकडे बघायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

सर सावरून घेऊ शकले असते. 'ही डावखुरी आहे' म्हणाले असते तरी चाललं असतं, परीक्षकांनाही ते चाललं असतं, त्यांनीही असले तास घेतलेलेच असणार. पण सरांचा चेहरा मी ओळखते. शाळेत असताना मी कॉपी करताना सापडले होते, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटली होती. तसाच चेहरा झाला होता.

"डावा म्हणजे येत नाही," ते परीक्षकांना म्हणाले. "मीच तसं शिकवलं मुलांना." मग वर्गाला म्हणाले, "उजवे हात खाली घ्या."

चौदा हात खाली गेले. अडतीस तसेच वर राहिले. सर ते मोजत राहिले, बोट दाखवून, एकेक. महिनाभर हेच पाच शब्द शिकवले होते त्यांनी.

"छ्याओलान, नेमकं काय अडतंय तुझं?"

"सर, माझी आई लांब श्यामेनला बुटांच्या कारखान्यात कामाला जाते. दर वर्षी, नववर्षाची सुट्टी संपली की सहाव्या दिवशी. आजी म्हणते, जायला हवंच. आत्या म्हणते, इथे सगळ्यांचं असंच असतं, ते काही चुकत नाही. मी उदाहरण लिहायला बसले तर मला कळेचना. जाणं गरजेचं आहे, की अटळ आहे? गरजेचं असेल तर दुसरं काही करता येईल ना? आणि अटळ असेल तर मग आजी सारखी तिच्यावर का चिडते?"

सरांनी खडू उचलला. फळ्यावर एक शब्द लिहिला, पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, माझे बाबा पण." मग आणखी एक. "अरे गप्प बसा रे," सर म्हणाले, पण त्यात दम नव्हता. पडद्यावरची अठरा चित्रं दाखवायची राहून गेली. घंटा झाली तेव्हा ते खडू हातात धरून म्हणत होते, "थांब जरा. थांब. मला नीट सांगता येत नाहीये."

दहा दिवसांनी यादी लागली. सरांचं नाव नव्हतं. शेऱ्यात लिहिलं होतं: शिक्षकाला स्वतःलाच फरक स्पष्ट नाही.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "सर, माझ्यामुळे झालं. ती भिकार युक्ती माझी."

"तुझी युक्ती, पण तोंड माझं होतं ना," ते म्हणाले. "बस. जेवलीस का?"

"टोमणा तरी मारा हो! शिव्या द्या!"

"तुझ्याशी भांडत बसायला वेळ कुठाय? अगं छ्युन, मला एक सांग, तू वरिष्ठ आहेस. त्या पोरीच्या आईला कुठला शब्द लागेल?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नव्हते करत. शब्दकोश उघडा होता, शेजारी चार पानं भरून खाडाखोड. मी दोन मिनिटं विचार केला आणि मग मलाही कळेना. मीसुद्धा हेच पाच शब्द शिकवते, त्याच तासावर वरिष्ठ झाले. माझा स्वतःचा नवरा सहा वर्षं कामासाठी दूर शिन्ज्यांगला आहे. डोकं भणभणायला लागलं. मी म्हटलं, "सर, नका छळू."

"मला वाटतं, हे आपल्याला कळायचं नाही," ते म्हणाले. "जाणारीलाच विचारायला हवं."

वसतिगृहातल्या मुलांना फोन ठेवू देत नाहीत. रविवारी दुपारी, जादा तासाच्या आधी, सरांनी छ्याओलानला शिक्षकांच्या खोलीत बोलावून आपला फोन तिच्या हातात दिला. ती आल्या आल्या रडायलाच लागली, "सर, मी बोलायला नको होतं."

"खरं बोललीस त्याची कसली माफी? नंबर लाव. आणि जे मला विचारलंस तेच विचार." ते खडूची पेटी घेऊन बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मी वह्या तपासत होते, मला कुणी जा म्हटलं नाही.

"आई? मी... नाही गं, बरी आहे. सरांचा फोन आहे. हो, जेवले. आजी पण बरी आहे. आई, एक विचारू? तू जातेस ती गरज आहे म्हणून जातेस, की... की ते टळतच नाही म्हणून?"

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. मग तो कमी झाला, बाई बहुधा चालत कुठेतरी बाहेर गेली. पोरगी ऐकत होती. मग तिनं हळूच खुर्ची ओढली आणि बसली. ते माझ्या ऐकण्याचं नव्हतं. मी वह्या तशाच टाकून बाहेर आले.

घंटा झाली. एकोणतीस वर्षांत कोउ सर एका मिनिटानंही तासाला उशिरा गेल्याचं कुणाला आठवत नाही. ते दाराला पाठ लावून उभे होते, पेटी छातीशी धरून.

जिन्यातून शांग साहेब ओरडले, "कोउ सर, घंटा झाली! वर्ग वाट बघतोय!"

"हळू बोला हो," सर म्हणाले. "पोर आईशी बोलतेय."